सरकार एकाचं, कौल दुसऱ्याचा : १९५७ची मुंबई राज्याची निवडणूक

आजचा विषय १९५७ची मुंबई राज्याची विधानसभा निवडणूक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीबद्दल आपण बरंच ऐकलेलं असतं. मोर्चे, गोळीबार, हुतात्मे, शाहिरांचे पोवाडे, अत्र्यांची भाषणं, हे सगळं परिचयाचं आहे. पण या गोष्टीत मध्यावर एक निवडणूक आहे आणि ती आपण एका वाक्यात उरकतो : समितीने काँग्रेसला धूळ चारली. हे वाक्य निम्मं खरं आहे. कारण ती निवडणूक काँग्रेसने जिंकली होती. ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या आणि यशवंतराव चव्हाण पुन्हा मुख्यमंत्री झाले. तरीही तीन वर्षांनी जे घडलं ते हरलेल्यांच्या मागणीप्रमाणे घडलं. हे कसं झालं, हा आजचा प्रश्न. आणि त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे : मतदार मत देतो तेव्हा तो नेमकं काय सांगत असतो?

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. डिसेंबर १९५३ मध्ये केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर सदस्य. ऑक्टोबर १९५५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तेलुगू भाषकांना आंध्र आधीच मिळालं होतं, कन्नड आणि मल्याळी भाषकांना आता राज्यं मिळणार होती. मराठी आणि गुजराती भाषकांना मात्र आयोगाने एका द्वैभाषिक राज्यात ठेवलं आणि विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं. अडचण मुंबई शहराची होती. शहरात मराठी भाषक हा सगळ्यांत मोठा गट, पण निम्म्याहून कमी. भांडवल आणि व्यापार मुख्यतः अमराठी हातांत. शहर भूगोलाने महाराष्ट्रात आणि पैशाने दुसऱ्यांचं, असा तो पेच होता.

नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेसने तीन राज्यांची योजना पुढे केली : महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई शहर वेगळं. २० नोव्हेंबरला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असा त्या भाषणांचा सूर होता. सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि पंधरा माणसं मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. पुन्हा उद्रेक, पुन्हा गोळीबार. हुतात्म्यांचा आकडा १०५ म्हणून लोकांच्या तोंडी बसला, तो या सगळ्या महिन्यांचा मिळून. कुलाब्याचे खासदार असलेले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी सरचिटणीस. समितीत कोण कोण होतं ते बघा. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. त्यांच्याबरोबर हिंदू महासभा आणि जनसंघही. एरवी ही मंडळी एका मांडवाखाली जेवायलाही बसली नसती.

मग ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने अचानक कूस बदलली. तीन राज्यांची योजना बाजूला पडली आणि विशाल द्वैभाषिक मंजूर झालं. मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, सगळं एका राज्यात. बेळगाव, कारवार म्हैसूर राज्यात गेले. १ नोव्हेंबर १९५६ला हे राज्य अस्तित्वात आलं. नेतेपदाच्या लढतीत भाऊसाहेब हिरे यांचा पराभव करून यशवंतराव मुख्यमंत्री झाले. गुजरातेतही लोक खूश नव्हते. अहमदाबादेत ऑगस्टमध्येच गोळीबार झाला होता आणि इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद उभी राहिली होती. म्हणजे ज्या दोघांना एकत्र बांधलं, त्या दोघांनाही वेगळं व्हायचं होतं.

आणि त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत निवडणूक.

आता प्रचाराकडे येऊ. काँग्रेसकडे मुद्दे नव्हते असं समजू नका. चव्हाणांचं म्हणणं साधारण असं होतं : मुंबई तोडली जात होती, ती आता तोडलेली नाही. मराठवाडा निजामाच्या जुन्या राज्यातून आला, विदर्भ मध्य प्रदेशातून आला. शतकानुशतकं विखुरलेला मराठी माणूस पहिल्यांदा एका राज्यात आला आहे. सोबत गुजराती बांधव आहेत, एवढंच. शिवाय दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती. आणि सगळ्यांत वजनदार मुद्दा कुळकायद्याचा. मुंबई राज्याच्या सुधारित कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला होता. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाणार होतं. मतदान फेब्रुवारी-मार्चमध्ये. कल्पना करा, कुठल्याही सत्ताधारी पक्षाला याहून चांगलं काय हवं? पिढ्यान्‌पिढ्या खंड भरणाऱ्या माणसाला तुम्ही सांगताय की महिन्याभरात जमीन तुझी.

आणि तरीही पश्चिम महाराष्ट्रात, म्हणजे ज्या भागात हा कायदा लागू होता नेमक्या त्याच भागात, काँग्रेसला साधारण चौथा हिस्साच जागा मिळाल्या. मराठी मतदार भावनेने वाहवला, असं याचं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं आणि अजूनही दिलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. कुळाने जमीन घेतली आणि मत समितीला दिलं, यात विसंगती नाही. जमीन त्याला कायद्याने मिळणार होती, तिच्यासाठी मत द्यायची गरज नव्हती. शेतकरी कामगार पक्ष आणि कम्युनिस्टही कसणाऱ्याच्याच बाजूचे होते, त्यामुळे समितीला मत दिल्याने जमीन जाईल अशी भीतीही नव्हती. पण मुंबईबद्दल, आणि झालेल्या गोळीबारांबद्दल, त्याला बोलायला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती. जनमत कौल कुणी घेतला नव्हता. तेव्हा लोकांनी सार्वत्रिक निवडणुकीचाच जनमत कौल करून टाकला.

पण हे म्हणायला सोपं आहे, करायला अवघड होतं. का, ते समजण्यासाठी त्या काळी मत कसं टाकत ते माहीत हवं.

१९५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत आजच्यासारखी सगळ्या उमेदवारांची नावं असलेली एक मतपत्रिका नव्हती. शिक्काही मारायचा नव्हता. मतदाराला एक कोरी छापील चिठ्ठी मिळायची. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असायची आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. लिहितावाचता न येणाऱ्या बहुसंख्य मतदारांसाठी केलेली ही सोय होती.

यात काँग्रेसची बाजू बघा. बैलजोडी. चांद्यापासून कच्छपर्यंत, विधानसभेला आणि लोकसभेला, सगळीकडे बैलजोडी. शेतकऱ्यांच्या राज्यात याहून सोपं चिन्ह नाही. समितीचं चिन्ह? समिती हा पक्षच नव्हता. तिचे उमेदवार आपापल्या पक्षाच्या चिन्हावर उभे. प्रजासमाजवाद्यांची झोपडी, कम्युनिस्टांचं विळा-कणीस, फेडरेशनचा हत्ती, आणि अपक्ष असतील तर मिळेल ते. अत्रे दादरमधून उभे राहिले ते अपक्ष म्हणून. म्हणजे एका गावात समितीची पेटी झोपडीची, ओढ्यापलीकडच्या गावात ती वेगळीच, आणि त्याच मतदाराला लोकसभेच्या वेळी तिसरीच पेटी शोधायची. समितीचा खरा प्रचार हा होता. लोकांच्या मनात संयुक्त महाराष्ट्र भरणं हे काम गोळीबारांनी आधीच केलं होतं. उरलेलं काम होतं त्या मनातल्या गोष्टीला योग्य पेटीपर्यंत नेऊन पोचवायचं. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांच्या कलापथकांचं, अत्र्यांच्या नुकत्याच सुरू झालेल्या ‘मराठा’ दैनिकाचं आणि गावोगावच्या निनावी कार्यकर्त्यांचं महत्त्व इथे आहे. आपण शाहिरांकडे स्फूर्ती देणारे म्हणून बघतो. ते त्याबरोबरच मतदारशिक्षणही करत होते, हे विसरतो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण गिरणगावात आहे. त्यासाठी पाच वर्षं मागे जावं लागेल.

१९५२ साली काही मतदारसंघ द्विसदस्य असत. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला दिली तर दुसरं मत बाद. उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकर राखीव जागेवर उभे होते, सर्वसाधारण जागेसाठी समाजवाद्यांचे अशोक मेहता आणि कम्युनिस्टांचे डांगे रिंगणात होते. आंबेडकर हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. हजारो मतं बाद झाली होती. दुसरं मत वाया घालवा असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा आरोप करत आंबेडकर आणि मेहता यांनी डांग्यांविरुद्ध निवडणूक अर्ज दाखल केला. अर्ज फेटाळला गेला, पण कडवटपणा राहिला. आणि तो कामगार वस्तीत एकाच चाळीच्या वरच्या-खालच्या मजल्यांवर राहिला.

आता १९५७. मध्य मुंबईचा लोकसभा मतदारसंघ, पुन्हा द्विसदस्य. सर्वसाधारण जागेवर डांगे, राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. दोघंही समितीचे. आणि दोघंही निवडून आले. डांग्यांच्या माणसांनी दुसरी चिठ्ठी हत्तीच्या पेटीत टाकली, फेडरेशनच्या माणसांनी पहिली विळा-कणसाच्या पेटीत. पाच वर्षांपूर्वी ज्या दुसऱ्या मतावरून भांडण झालं, तेच दुसरं मत आता एकमेकांना दिलं गेलं. पडद्यामागे कुणी बघायला नव्हतं. माझ्या मते समितीची खरी कमाई काय होती हे बघायचं असेल तर विधानसभेच्या जागा मोजण्याआधी ही दुसरी चिठ्ठी बघावी.

यात आंबेडकरांची भूमिका सरळ रेषेतली नव्हती, हेही नोंदवायला हवं. १९५५च्या भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत त्यांनी मराठी मुलखाची एकाहून अधिक राज्यं करावीत अशी मांडणी केली होती. मोठ्या भाषिक राज्यात बहुसंख्य जातीचं वर्चस्व होईल आणि लहान जातींना कुणी विचारणार नाही, ही त्यांची चिंता होती. तरी फेडरेशन समितीत आलं. ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले. धर्मांतराला दोन महिनेही झाले नव्हते. त्या दुःखातून बाहेर न आलेल्या समाजाने फेब्रुवारी-मार्चमध्ये मतदान केलं. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. पण बाबासाहेबांनी व्यक्त केलेली चिंता प्रचारात कुठे होती? नव्हती. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

निकाल बघू. पुण्यात लोकसभेला समितीचे ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळ यांना हरवलं. राजापूरमधून नाथ पै, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, तेही कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून. पुण्यात विधानसभेवर एस. एम. जोशी. आणि कराडमध्ये खुद्द मुख्यमंत्री शेकापच्या केशवराव पवारांविरुद्ध दोन हजारांहून कमी मतांनी कसेबसे तरले.

गाडगिळांच्या पराभवापाशी जरा थांबू. काकासाहेब संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक नव्हते. काँग्रेसमध्ये राहून या प्रश्नावर त्यांनी संसदेत आवाज उठवला होता. मुद्द्यावर गोरे आणि गाडगीळ यांच्यात फारसं अंतर नव्हतं. पण त्यांची पेटी बैलजोडीची होती. मतदाराने माणूस तपासला नाही, चिन्ह तपासलं. अन्याय झाला का? गाडगिळांवर झाला, असं म्हणता येईल. पण जनमत कौलाचा स्वभावच असा असतो. त्यात ‘हो, पण’ असं उत्तर देता येत नाही. एक पेटी हो म्हणते, दुसरी नाही म्हणते.

मुंबई शहरात जागा जवळजवळ निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या. स. का. पाटील दक्षिण मुंबईतून निवडून आले, उत्तर मुंबईतून व्ही. के. कृष्ण मेनन. शहराची लोकसंख्या लक्षात घेतली तर यात आश्चर्य नाही. आणि मराठवाडा-विदर्भात? तिथे काँग्रेस बहुसंख्य जागा जिंकली. हे आपल्या लोकप्रिय आठवणीत बसत नाही, म्हणून आपण ते सांगत नाही. मराठवाडा चार महिन्यांपूर्वीच हैदराबाद राज्यातून इकडे आला होता. संयुक्त महाराष्ट्र म्हणजे आपल्या लोकांत येणं, तर ते त्याच्यापुरतं झालं होतं. विदर्भात अणे, बियाणी यांची वेगळ्या राज्याची मागणी जुनी होती आणि नागपूरचं राजधानीपण नुकतंच गेलं होतं. फ्लोरा फाउंटनवर सांडलेलं रक्त मुंबई, पुणे, साताऱ्याला जेवढं जवळचं होतं, तेवढं ते गोंदियाला नव्हतं. हा दोष नाही, हा इतिहास आहे. वेगवेगळ्या राज्यांत काढलेली शे-दीडशे वर्षं एका नोव्हेंबरात पुसली जात नाहीत.

आता बेरीज करा. ३९६ जागांपैकी मराठी भागाच्या २६४ आणि गुजराती भागाच्या १३२. पुढे दोन राज्यं झाली तेव्हा त्यांच्या विधानसभा नेमक्या याच आकड्यांच्या होत्या. मराठी भागातल्या साधारण निम्म्या जागा काँग्रेसला, गुजरातेत महागुजरात परिषदेने धक्का दिला तरी बहुसंख्य काँग्रेसला. म्हणजे चव्हाणांचं सरकार उभं होतं ते मराठवाडा, विदर्भ आणि गुजरात यांच्या बळावर. ज्या मुलखातून मुख्यमंत्री आला, त्याच मुलखाने त्याच्या पक्षाला नाकारलं होतं. विधानसभेतलं बहुमत बिनतोड होतं. पण ज्या शहरातून राज्य चालवायचं त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांत पक्षाखालची जमीन सरकली होती. सरकार काँग्रेसचं आणि कौल समितीचा, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

हे सगळ्यांत आधी ओळखलं ते चव्हाणांनी. १९५५ मध्ये फलटणला, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपण नेहरूंना निवडू, अशा अर्थाचं बोलून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. निकालानंतर त्यांना दिसलं की नेहरूंनाच हे समजावून सांगावं लागणार. ३० नोव्हेंबर १९५७ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले, तेव्हा समितीने घाटात प्रचंड निदर्शनं केली. ती शांततेने पार पडली, आणि नेहरूंनी ती डोळ्यांनी बघितली. त्याच वर्षी मुंबई महापालिकाही समितीकडे गेली होती. पुढची निवडणूक १९६२ला. द्वैभाषिक तसंच ठेवून तिला सामोरं जायचं का, हा हिशेब काँग्रेसने केला. १९५९ मध्ये इंदिरा गांधी पक्षाध्यक्ष असताना प्रश्न पुन्हा उघडला गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं झाली. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. गुजरातच्या नव्या राजधानीसाठी आणि सुरुवातीच्या तुटीसाठी महाराष्ट्राने पैसे द्यायचे ठरले. बेळगाव-कारवारचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

आणि समितीचं काय झालं? १९६२च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ मिळाल्या. पाच वर्षांत चित्र पूर्ण उलटं. मागणी मान्य झाली आणि एकत्र राहण्याचं कारण संपलं. घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. याला लोकांचा कृतघ्नपणा म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. १९५७ला मतदाराने समितीला सरकार चालवायला बोलावलंच नव्हतं. त्याने एक निरोप दिला होता. निरोप पोचला, काम झालं. निरोप्याला कुणी घराची किल्ली देत नाही.

याची किंमत मात्र होती, आणि ती सगळ्यांनी सारखी मोजली नाही. मघाशी म्हटलं की बाबासाहेबांच्या चिंतेकडे परत येऊ. कुळकायद्याने कुळाला जमीन दिली, पण ज्याच्याकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती त्या शेतमजुराला त्या कायद्यात जागा नव्हती. त्याचा प्रश्न १९५७च्या प्रचारात मागे ठेवला गेला, कारण समितीतल्या सगळ्यांना एकत्र ठेवील असा मुद्दा तो नव्हता. ज्यांनी डांग्यांना पहिली चिठ्ठी दिली आणि मानेंना दुसरी, त्यांतले कितीतरी जण गावाकडे भूमिहीन होते. दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला, तो या मागे राहिलेल्या प्रश्नासाठी. आणि नव्या राज्यात सत्ता कुणाकडे जाईल याबद्दल १९५५ मध्ये केलेलं भाकीत खरं ठरलं की खोटं, हे पुढच्या साठ वर्षांतल्या मंत्रिमंडळांच्या याद्या काढून कुणीही तपासावं.

म्हणून १९५७बद्दल माझं म्हणणं दुहेरी आहे. लोकांना विचारलं गेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी हातात होतं त्या साधनाने उत्तर दिलं; आणि चार-पाच वेगवेगळ्या चिन्हांच्या पेट्यांतून एकच उत्तर देऊन दाखवलं. हे लोकशाहीतलं मोठं काम आहे. पण एकच प्रश्न विचारणारी निवडणूक एकच उत्तर देते. बाकीचे प्रश्न संपत नाहीत, ते फक्त रांगेत मागे जातात. रांगेत शेवटी कोण उभं राहिलं, हे बघितल्याशिवाय विजयाचा इतिहास पूर्ण होत नाही.

इथे थांबतो.